परत न आलेला दात

"माहीत होतं," बाबा म्हणाले.

एवढंच. मान वर न करता, बर्नरच्या निळ्या ज्योतीवर चाकूचं पातं धरून, जसं काही मी दारात कुरिअरवाला आलाय असं सांगायला आले होते. मी तर अर्धी वेणी सुटलेली, गणवेशातच, पायऱ्या गाळत जिना उतरले होते. डेंटल कॉलेजात माझी निवड झाली होती. मुलाखतीला आलेल्यांपैकी बहुतेकांना नकार येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला होकार आला होता. पुढचं सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं. बाबांच्या हातून चाकू गळेल, ते चष्मा काढून डोळे पुसतील, पुन्हा चष्मा लावून फोनवरची ती दोन वाक्यं वाचतील, मग मला जवळ घेतील आणि माझ्या पाठीवर प्लास्टरचे पांढरे पंजे उमटतील. आईला ते डाग दाखवून मी म्हणणार होते, हे धुवायचे नाहीत. त्यातलं काही झालं नाही. पातं तापलं, मेणाच्या ठोकळ्यात शिरलं, मेणाचा तो ओळखीचा गोडसर वास आला आणि बाबा म्हणाले, आईला फोन कर, ती गाडीत असेल तर उचलणार नाही, पण कर. मी तिथेच उभी. माहीत होतं म्हणजे काय? मला माहीत नव्हतं, कॉलेजलाही आज सकाळपर्यंत माहीत नसणार, मग यांना कुठून? ऐन आनंदात माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा ती चुकचुकली की माझ्या डोक्यात तिचं घर होतं, अंडी होतात, पिल्लं होतात.

आमच्या घराच्या तळमजल्यावर दात बनतात. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतात, त्याचा प्लास्टरचा साचा डब्यात घालून बाबांकडे पाठवतात. बाबा साच्यातल्या रिकाम्या जागी आधी मेणाचा दात कोरतात, मग तो धातूत ओततात, वर दाताच्या रंगाचा थर भाजून चढवतात आणि डबा परत धाडतात. डबा आला, डबा गेला. तो दात कोणाच्या तोंडात बसला, ते तोंड हसरं होतं की कायम आंबलेलं, आम्हाला कधी कळत नाही. फक्त जो बसत नाही तो परत येतो. खिडकीखाली बाबांनी एक फळी ठोकलीय, तिच्यावर हे माघारी आलेले दात वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे ओळीने असतात. बाबांची एक खोड आहे. ते दात कधी नाकासमोर सरळ बसवत नाहीत, केसभर वळवतात. त्यांच्या मते तोंडात एकच दात फार सरळ असला की लोकांची नजर आधी त्याच्यावरच जाते. त्यामुळे लहानपणापासून मला माणसांच्या चेहऱ्यांआधी त्यांचे दात दिसतात. बसच्या रांगेत, दुकानात, कोणी हसलं रे हसलं की मी आत डोकावते, आपल्या घरचा आहे का. हे बाबांकडून आलं. संशय आला आईकडून. आई लोकांना गाडी चालवायला शिकवते, आणि समोरचा चुकणारच असं धरून चालायचं हा तिचा पहिला धडा तिने मला हातात गाडी नसतानाच देऊन टाकलाय.

माझं स्वतःचं तोंड मात्र गेल्या वर्षापर्यंत बंद दुकान होतं. माझे पुढचे दोन दात बाकावर पेंगणाऱ्या मुलांसारखे एकमेकांवर रेललेले आहेत, म्हणून बोलताना हात आपोआप ओठांवर जायचा. मग शाळेच्या नाटकात मला राक्षसाचं काम मिळालं. राक्षसाला तोंडावर हात ठेवून बोलता येत नाही. मी पहिल्यांदा अख्खा जबडा उघडून गर्जना केली तेव्हा पुढच्या रांगेतलं एक बाळ भोकाड पसरून रडायला लागलं, आणि बाळाची माफी मागून सांगते, मला फार छान वाटलं. तेव्हापासून हात खाली गेला तो गेलाच. आता मी वर्गात बोलते, बसमध्ये बोलते, जेवताना बोलते, आई म्हणते हिला बंद करायची कळ कुठे बसवलीय ते बघायला हवं. मुलाखतीलाही मी त्या राक्षसाला आत बसवूनच गेले होते. होकार आला तेव्हा वाटलं, जमलं, माझं मी जमवलं. बाबांच्या दोन शब्दांनी ते 'माझं मी' हलायला लागलं, दुधाचा दात हलतो तसं. सारखी तिकडेच जीभ जायची.

कारण मुलाखतीत एक गोष्ट घडली होती, जी मी घरी सांगितली नव्हती. आधी बाहेरच्या हॉलमध्ये आम्हा सगळ्यांना मेणाचा ठोकळा आणि चाकू देऊन वरच्या सुळ्यामागचा दात कोरायला लावला, हात कसा चालतो ते बघायला. मग एकेकाने आपला दात तळहातावर घेऊन आत जायचं. आत फिक्या हिरव्या भिंती, पंख्याची घरघर, टेबलापलीकडे तिघं. एका टोकाला चष्म्यावरून वही बघणाऱ्या मॅडम, ज्यांनी माझ्याकडे एकदाही धड पाहिलं नाही. दुसऱ्या टोकाला जांभया गिळणारे एक गृहस्थ. मध्ये तपकिरी कोटातले सर, ज्यांचं नाव मी मनात कोटवाले ठेवलं. दात ठेव इथे, म्हणाले. ठेवला. डेंटललाच का, म्हणाले. मी सांगितलं, आमच्या घरून रोज दात जातात, माणसं कधी दिसत नाहीत, मला ती माणसं बघायचीत. उत्तर देतानाच ते मला इतकं आवडलं की मी आणखी एकदा देणार होते. कोटवाले हसले. आणि मला दिसलं. वरच्या बाजूला, सुळ्याच्या मागे, आमच्या घरचा दात. हिरडीपाशी किंचित पिवळी झाक, मधोमध केसासारखी करडी रेघ, जी बाबा सगळ्यात बारीक ब्रशने श्वास धरून ओढतात, आणि दात केसभर वळवलेला. मी अशी काही टक लावली असणार की त्यांनी चटकन ओठ मिटले. मग माझ्याकडे बघत माझा मेणाचा दात उचलला, दोन बोटांत फिरवला आणि कोटाच्या खिशात टाकला. पुढच्याला पाठव, एवढंच म्हणाले.

बाहेर आले तेव्हा मला तो मान वाटला होता. इतका आवडला की खिशात घातला. आता तोच खिसा मला दिवसभर छळायला लागला. आनंदात बघितलेल्या गोष्टी संशयात पुन्हा बघितल्या की त्यांचे रंग बदलतात. कोटवाले स्वतः दातांचे डॉक्टर. स्वतःच्या तोंडातला दात कुठल्या लॅबमधून आला हे त्यांना माहीत नसेल? म्हणजे ते बाबांना ओळखतात. बाबांच्या हाताची खूण माझ्या दातात दिसली, ही त्यांचीच मुलगी हे कळलं आणि पुरावा खिशात गेला. किंवा त्याही आधी फोन झाला असेल. आमची मुलगी येतेय, जरा बघा. बाबा, जे शेजारी शिडी मागायला जातानाही दारातून दोनदा परत फिरतात, ते असा फोन करतील असं माझं एक मन मानत नव्हतं. पण दुसरं मन म्हणत होतं, माणूस शिडी मागणार नाही, पण पोरीसाठी फोन करेल. मी बाबांवर पाळत ठेवली. त्यांचा फोन वाजला की मला जिन्यात काहीतरी सापडायचं, चप्पल, रबर, काहीही. ते नुसते डॉक्टरांशी दाढांबद्दल बोलायचे. तेही मला सांकेतिक वाटायला लागलं.

त्यात पेन्सिल. पेन्सिल म्हणजे माझी मैत्रीण, उंच, काडी, आणि जिभेला कायम टोक काढलेली. आम्ही दोघींनी एकत्रच तयारी केली होती, मी तळमजल्यावरच्या मेणावर आणि ती घरी मेणबत्त्यांवर, कारण आमच्याकडे रोज यायचा तिला संकोच वाटायचा. तिला नकार आला. त्या दिवशी तिने स्वतःहून फोन केला, अभिनंदन म्हणाली, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमचं काय बाई, तुमच्या घरातच दातांची खाण. तू पडणारच कशी?" मी हसले. फोन ठेवल्यावर ते हसू तोंडात तसंच राहिलं, खडा लागलेल्या घासासारखं. थुंकता येईना, गिळता येईना. खाण म्हणजे मेण म्हणायचं होतं तिला, की बाबांची ओळख? दुसऱ्या दिवसापासून ती बाकाच्या पार टोकाला बसायला लागली, दप्तर मध्ये ठेवून. पाण्याच्या नळाशी दोन मुली हसल्या तर माझ्यावरच हसल्या. वर्गशिक्षिका म्हणाल्या घरचं वळणच तसं, तर माझे कान लाल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला पेन्सिलचा राग येत नव्हता. ती म्हणतेय तेच मीही म्हणत होते. ओळखीवर मिळालेली ती जागा तिची असू शकली असती. मग मी राक्षसाचा जबडा उघडून वर्गात कसली गर्जना करणार होते?

शेवटी मी आईला गाठलं. तिला गाठायची जागा एकच, शिकवणीच्या गाडीची मागची सीट. त्या दिवशी एक शिंपीकाका शिकत होते, मान कासवासारखी पुढे काढून, स्टिअरिंगला मिठी मारून. मी मागून सगळं सांगितलं, तो दात, तो खिसा, माहीत होतं. आई आरशातून माझ्याकडे, काचेतून रस्त्याकडे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शिंपीकाकांच्या पायाकडे अशी तीनही ठिकाणी बघत होती. म्हणाली, मला विचारून काय उपयोग, मी नुसती ब्रेकवर पाय ठेवून बसणारी बाई, त्यांनाच विचार. मी म्हटलं, ते खोटं बोलले तर? "कळेल तुला," आई म्हणाली. "खोटं बोलताना त्यांना कान खाजवावा लागतो. लग्नाआधीपासून बघतेय." शिंपीकाका ऐकण्यात इतके रंगले की सिग्नल लाल झालेला त्यांना दिसलाच नाही, आणि आईने दाबलेल्या ब्रेकने माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

बाबा प्लास्टर कालवत होते. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे. बरं झालं, कान खाजवला तर उमटेल, अशा विचाराने मी त्यांच्या समोर स्टूल ओढून बसले आणि सरळ विचारलं, तुम्हाला कसं माहीत होतं. कोणाशी बोलला होतात का. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आणखी एक प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही. मग म्हणाले, "माझा अंगठा भाजला होता, आठवतं? तू आठवीत होतीस."

न आठवायला काय झालं. ती दुपार मी विसरलेच नव्हते, त्या दुपारपासून मी बाबांवर दात धरला होता. अंगठ्याला पट्टी, कामं तुंबलेली, आणि मी भोवती भोवती करतेय म्हणून त्यांनी माझ्यापुढे एक साचा सरकवला होता, घे, कोर. वरच्या सुळ्यामागची जागा. मी अख्खी दुपार जीभ बाहेर काढून कोरत होते. बाबा उजव्या हाताने कोरतात, त्यांचा दात किंचित पुढे, ओठांकडे वळतो, काहीतरी सांगायला निघाल्यासारखा. मी डावरी. माझा दात गालाकडे, मागे वळला, पाठीमागून कोणी येतंय का ते बघत असल्यासारखा. बाबांनी तो भिंगाखाली धरला, हं म्हणाले, ठेव तिथे म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. आमच्या घरी बिनकामाचं मेण वितळवून परत डब्यात जातं, म्हणजे माझा दातही गेला असणार. मी काही विचारलं नाही, आठवडाभर जेवताना तोंडावर हात मात्र आणखी घट्ट धरला.

"वितळवला नव्हता," बाबा म्हणाले. "नीट तपासला. दुसरा करायला अंगठा नव्हता आणि तुझ्यात चूक सापडेना. ओतला, रंग चढवला आणि पाठवला."

कोणाला, मी विचारलं. ते म्हणाले, मला कसं कळणार, डबा आला, डबा गेला. मग त्यांनी पांढऱ्या बोटाने खिडकीखालची फळी दाखवली. तिथे बाबांचे स्वतःचे दात उभे होते, माघारी आलेले, धूळ बसलेले. "माझेही येतात. तुझा परत आला नाही," ते म्हणाले. "मुलाखतीत मेण देतात असं तू सांगितलंस, तेव्हाच मला माहीत होतं." मला आधी का नाही सांगितलं म्हटल्यावर म्हणाले, सांगितलं असतं तर पुढचा दात करताना तुझा हात कापला असता. कानाकडे हात गेला नाही. मी डोळ्यात तेल घालून बघत होते.

पण पाल इतक्यात जाते थोडीच. मी त्यांना कोटवाल्यांचं सांगितलं, घरचा दात, ती झाक, ती रेघ. वाटलं होतं दचकतील. ते पुढे झुकले, डोळे एकदम लहान मुलासारखे झाले, आणि त्यांनी नुसते प्रश्न सुरू केले. हिरडीपाशी काळी कड दिसते का? हसताना शेजारच्या दाताशी रंग जुळतो का? इतक्या वर्षांत आपल्या घरचा दात तोंडात बसलेला बघून कोणी त्यांना पहिल्यांदाच बातमी आणली होती, आणि मी ती आरोपासारखी आणली होती. शेवटी त्यांनी विचारलं, वळलाय कुठे, पुढे की मागे? मला आठवेना. खरंच आठवेना. वळलेला आहे एवढंच माझ्या नजरेने उचललं होतं, मग तो खिसा आला आणि बाकी सगळं पुसलं गेलं.

कागदपत्रं द्यायला कॉलेजात गेले ती शाळेतून परस्पर, गणवेशातच. कॉरिडॉरमध्ये फिनेलचा आणि लवंगेच्या तेलाचा वास होता. कोटवाले समोरून आले, तोच तपकिरी कोट. मी वाट अडवून उभी राहिले आणि नमस्कार केला. त्यांनी मला अजिबात ओळखलं नाही. इतके दिवस ज्याच्या डोक्यात माझ्याबद्दल कट शिजतोय असं मी धरून चालले होते, त्या माणसाच्या डोक्यात मी नव्हतेच. मी म्हटलं, मुलाखतीला आले होते, निवड झाली. अच्छा, अभिनंदन, असं म्हणून ते हसले, मोकळं, पूर्ण, खिडकीचा प्रकाश थेट तोंडावर. दात मागे वळलेला होता. गालाकडे. पाठीमागून कोणी येतंय का ते बघत.

माझी दातखिळीच बसली. हातांनी काहीतरी करायला हवं म्हणून मी बोट दाखवून म्हटलं, सर, तुम्ही माझा दात खिशात टाकला होतात. ते गोंधळले, मग खिसा चाचपला आणि स्वतःशीच चुकचुकत खिडकीच्या कट्ट्यावर तो उपडा केला. मेणाचे दातच दात. कोणी चपटे, कोणी ढबू, एक तर सरळसरळ शेंगदाणा, काही उन्हाने एकमेकांना चिकटलेले. सगळ्यांचेच उचलतो मी, म्हणाले, मेण टेबलाला चिकटलं की शिपाई माझ्यावर ओरडतो, आणि मग धुवायला टाकेपर्यंत हे कोटातच. पण मार्क? "ते मॅडम देतात. लांबून बघतात, पण चुकत नाहीत. मला मेणातलं ओ की ठो कळत नाही, मी हिरड्यांचा माणूस." म्हणजे माझ्याकडे एकदाही न बघणाऱ्या बाईंनी फक्त माझा दात बघितला होता. मला हसू आलं, तोंड उघडं टाकून. मग त्यांनी विचारलं, यातला तुझा कोणता? मी डावा हात पुढे केला आणि न शोधता उचलला. उचलताना शेजारी एक दिसला, लांब, बारीक, टोकदार, जो पेन्सिलचाच, हे मी कोणाला न विचारता सही करून दिलं असतं. तोही उचलला. दोन दोन? ते म्हणाले. मी म्हटलं, एक मैत्रिणीचा आहे, ती येत नाहीये. कोटवाल्यांचं हसू मावळलं, ओठ मिटले, आणि माझा दात आत अंधारात गेला. मी सांगू शकले असते. सर, तुमच्या तोंडात जे आहे ना. नाही सांगितलं. इतके दिवस सगळ्यांकडे गुपित आहे असं वाटत होतं, आता ते माझ्या एकटीकडे होतं, आणि ते जिभेवर कसं गार आणि गुळगुळीत लागत होतं म्हणून सांगू.

घरी येऊन मी फक्त म्हणाले, मागे वळलाय. बाबांनी बर्नर बंद केला. कामाच्या वेळात तो बंद झालेला मी कधी पाहिला नव्हता, ज्योत गेल्यावर खोली किती शांत असते हेही तेव्हाच कळलं. मग त्यांनी मला जवळ घेतलं.

संध्याकाळी पेन्सिलच्या दारात गेले. तिने दार अर्धंच उघडलं. दप्तर हातात धरून मी चपला काढायला वळले, तेव्हा माझ्या पाठीवरचे पांढरे पंजे बघून कोणी बडवलं का म्हणाली. मी तिला तिचा दात दिला आणि सगळं सांगितलं, अंगठा, फळी, कोटवाल्यांचं तोंड. ती ऐकत होती, भुवया वर जात होत्या. "थापा," ती म्हणाली. शप्पथ, मी म्हणाले. तुझ्या त्या सरांच्या तोंडात तुझा दात, आणि त्यांना पत्ता नाही, थापाच, ती म्हणाली. इतके दिवस मी जगावर संशय घेत हिंडले, आणि आता खरं सांगतेय तर समोर ही. मी म्हटलं, नको विश्वास ठेवूस, पण उद्यापासून आमच्याकडे ये, मेण पडलंय, पुढच्या वर्षीची मुलाखत आहे. दात दोन बोटांत धरून तिने फिरवला, उजेडाकडे धरला, त्याचं मोडलेलं टोक नखाने चाचपलं. मग माझ्याकडे बघत तो खिशात टाकला. का, ते सांगितलं नाही. आतली पाल चुकचुकली. मी म्हटलं, चुकचुक बाई, आणि तिने अर्धं उघडं ठेवलेल्या दारातून दप्तरासकट आत शिरले.